दुरुस्ती कोणाच्या फोनवर पोहोचते?

‘खोट्या बातम्या देणाऱ्यांना दंड-बिंड नको, थेट आत टाका.’ सोलापुरातल्या आमच्या मित्रांच्या ग्रुपवर दर दोन-चार महिन्यांनी हे कोणीतरी लिहितं आणि खाली अंगठ्यांची रांग लागते. माझा अंगठा त्यात नसतो. आत टाकण्याचा प्रयोग आपल्या शेजारीच होऊन गेलाय, सोलापूरहून गाडीने दीड तासावर.

१४ एप्रिल २०२०. लॉकडाऊन ३ मेपर्यंत वाढल्याचं पंतप्रधानांनी सकाळी जाहीर केलं. त्याच दिवशी ‘एबीपी माझा’वर बातमी होती, की अडकलेल्या मजुरांसाठी जनसाधारण विशेष गाड्या सोडण्याचा विचार चाललाय. आधार होता दक्षिण मध्य रेल्वेच्या अंतर्गत पत्राचा. दुपारी वांद्रे स्टेशनबाहेर मजुरांची प्रचंड गर्दी जमली. दुसऱ्या दिवशी बातमी देणारे राहुल कुलकर्णी यांना पोलिसांनी उस्मानाबादहून, म्हणजे आताच्या धाराशिवहून, अटक केली. १६ तारखेला त्यांना जामीन मिळाला.

बातमीवर टीका करायला जागा आहे. ‘प्रस्ताव’ आणि ‘निर्णय’ यांतलं अंतर टीव्हीच्या पट्टीवर टिकत नाही, आणि घरी जायला आसुसलेला माणूस ‘विचाराधीन’ हा शब्द वाचत बसत नाही. पण ही टीका संपादकाच्या टेबलावरची आहे. तिच्यासाठी पोलिसांची गाडी कशाला? शिवाय १ मे रोजी पहिली श्रमिक स्पेशल सुटलीच, लिंगमपल्लीहून हटियाला. लिंगमपल्ली येतं दक्षिण मध्य रेल्वेतच.

म्हणजे कायदा नाही असं नाही. भीती पसरवणाऱ्या खोट्या विधानांना आधी भारतीय दंड संहितेचं ५०५ होतं, आता न्याय संहितेचं ३५३ आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. त्यात एक चांगला अपवादही आहे: माहिती खरी मानायला सबळ कारण असेल आणि हेतू प्रामाणिक असेल, तर गुन्हा होत नाही. फक्त हा अपवाद कोर्टात उपयोगी पडतो आणि अटक त्याच्या आधी होते. हातात कागद असलेला जिल्ह्याचा पत्रकार सापडायला सोपा असतो.

त्याच दिवसांत तबलिगी जमातीवरून टीव्हीवर काय चाललं होतं, आठवा. २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २९ परदेशी नागरिकांवरचे गुन्हे रद्द केले आणि माध्यमांनी त्यांच्याविरुद्ध मोठा अपप्रचार केल्याचं नोंदवलं. त्यासाठी कुठल्या स्टुडिओच्या दारात पोलीस उभे राहिले?

दंडाचं म्हणाल, तर प्रेस कौन्सिल १९७८च्या कायद्यानुसार समज देऊ शकते, कानउघाडणी करू शकते, बस. टीव्ही तर तिच्या कक्षेतच नाही. चॅनेलांनी स्वतःच उभारलेली संस्था जास्तीत जास्त १ लाख रुपये दंड लावते. ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयालाही ही रक्कम कुचकामी वाटली. मग खरं-खोटं सरकारने ठरवावं? केंद्राने आपल्या कारभाराविषयीच्या ऑनलाइन मजकुरापुरती तशी सोय करून पाहिली. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये तो नियम रद्द केला. बरं झालं. ज्याच्याबद्दल बातमी, त्यालाच परीक्षक करायचं नसतं.

तुरुंगवाले मित्र यावर राईनपाड्याचं नाव घेतात, आणि सोलापूरकराला ते लागतंच. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या या गावात मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने पाच भटक्या भिक्षुकांना ठार मारलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची ही माणसं. त्यातले बहुतेक आमच्या मंगळवेढा तालुक्यातले. टोळीची ती अफवा चॅनेलवरून आली नव्हती, फोनवरून फोनवर गेली होती. अशी टोळी नसल्याचे खुलासे होत होते, पण खुलासा कोण फॉरवर्ड करतो? त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात फॉरवर्डची मर्यादा पाचवर आणली. त्या बदलात कोणी तुरुंगात गेलं नाही. पसरण्याचा वेग तेवढा धरला गेला.

माझं काम सॉफ्टवेअरचं, म्हणून मला प्रश्न असाच दिसतो. चुकीचं अपडेट गेलं, तर दुरुस्ती ते मिळालेल्या प्रत्येक फोनवर पाठवावी लागते. वेबसाइटच्या कोपऱ्यात ‘क्षमस्व’ लिहून भागत नाही. आपल्या बातम्यांत मात्र चूक पहिल्या पानावर आणि दिलगिरी आतल्या पानावर, पंचांगाच्या शेजारी.

म्हणून कायदा हवाच, पण तो दुरुस्तीचा हवा. निर्णय मंत्रालयाने नव्हे, न्यायाधीशाच्या हाताखालच्या स्वतंत्र मंडळाने द्यावा. रात्री नऊला सांगितलेलं खोटं रात्री नऊलाच, त्याच अँकरने, तितकीच मिनिटं खोडून काढावं. मधे जाहिरात नाही. क्लिप यूट्यूबवर असेल तर दुरुस्ती तिच्याच सुरुवातीला जोडावी. टाळाटाळ केली तर दंड त्या तासाच्या जाहिरातींच्या कमाईवरून मोजावा. चॅनेलवाले याला तुरुंगापेक्षा जास्त घाबरतील असं मला वाटतं. तुरुंगात पाठवायला त्यांच्याकडे एखादा जिल्हा प्रतिनिधी असतो. नऊचा तास मात्र एकच असतो.