‘नाही’ आणि ‘अशक्य’

म्हसळ्याच्या एसटी स्थानकात चौकशीच्या खिडकीशी कुणी विचारले, ‘दुपारी दोननंतर सुटून त्याच दिवशी दुपारी एकपूर्वी माणगावला पोहोचणारी गाडी आहे का?’, तर आतला माणूस हसेल. वेळापत्रक चाळायची त्याला गरजच नाही. लिनक्सची पॅकेजे बांधणारी साधने मात्र अशा वेळी इमानाने वेळापत्रक चाळत बसतात. माझी तक्रार तीच आहे.

समजा, एका पॅकेजच्या बांधणीला एक लायब्ररी लागते. गरजांच्या यादीत एक ओळ म्हणते ‘आवृत्ती २ किंवा पुढची’. बऱ्याच खाली, दुसऱ्या कुणी घातलेली ओळ म्हणते ‘१.५ च्या आतली’. संगणकावर २.१ असेल, तर डेबियनचे डीपीकेजी-चेकबिल्डडेप्स सांगते, १.५ च्या आतली नाही. विद्यार्थी बिचारा १.४ बसवतो. आता तेच साधन म्हणते, २ नाही! दोन्ही वाक्ये खरी आहेत. तरीही त्याची दुपार फुकट गेली, कारण या अटी एकत्र कधीच पुऱ्या होणार नाहीत हे त्याला कुणी सांगितलेच नाही. खालच्या मर्यादांतली सर्वांत मोठी आणि वरच्या मर्यादांतली सर्वांत लहान यांची तुलना केली की हे कळते. आठवीचा मुलगा संख्यारेषेवर दाखवील.

आरपीएमची बाजू थोडी वेगळी आहे. तेथे एकच नाव दोन निराळी पॅकेजे पुरवू शकतात, म्हणजे एक अट एकाने भागवावी, दुसरी दुसऱ्याने. दोन्ही अटी एकाच पॅकेजने पाळाव्यात हे सांगण्यासाठी ‘विथ’ हा शब्द २०१७ साली ४.१४ या आवृत्तीत आला. डेबियनमध्ये साधारणतः एका नावाची एकच आवृत्ती बसते, तेव्हा ही सबब तेथे फारशी टिकत नाही.

‘प्रश्न मुळातच अवघड आहे’ असा बचाव होतो. ‘हे अथवा ते’ अशा पर्यायांच्या आणि गरजांच्या साखळ्या लागल्या की तो अवघड होतो खरा. तो एनपी-पूर्ण असल्याचे मॅंचिनेली, दी कोस्मो आदींच्या २००६ च्या निबंधात दाखवले आहे. पण त्याच गटाने डेबियनचा अख्खा साठा तपासणारे साधनही लिहिले, आणि २००८ मध्ये ओपनसुसेने तर्कसूत्रे सोडवणारी पद्धत रोजच्या वापरात आणली. आपली दोन ओळींची कुरबुर त्या मानाने किरकोळ. यादी वाचतानाच त्या दोन ओळी शेजारीशेजारी छापाव्यात, एवढेच मागणे आहे.