चार्लीच्या शेजारी कोण बसले होते?

प्रवासवर्णनाचा वाचक मोठा भाबडा असतो, आणि त्याने तसे असावेही. कादंबरी हाती घेताना आपण लेखकाला कल्पित सांगण्याची मुभा आधीच देऊन ठेवलेली असते. प्रवासवर्णनाचे तसे नाही. लेखकाने म्हणावे, "मी गेलो, मी पाहिले", आणि आपण घरबसल्या, फराळाची ताटली शेजारी ठेवून, ते खरे मानावे, असा एक न लिहिलेला करार तेथे असतो. त्यातून "मी एकटाच निघालो" असे लेखक म्हणाला, की आपण अधिकच सावरून बसतो. एकट्या माणसाला भय असते, कंटाळा असतो, घरची आठवण असते. आणि ह्या सर्वांतून त्याने जे पाहिले त्याला आपण एरवीपेक्षा अधिक मोल देतो. हे मोल देताना आपण नेमके कशाला देतो, हा प्रश्न मला एका पुस्तकाच्या निमित्ताने वाचकांपुढे ठेवायचा आहे.

ते पुस्तक म्हणजे जॉन स्टाइनबेकचे 'ट्रॅव्हल्स विथ चार्ली'. १९६२ साली ते प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी लेखकाला नोबेल पारितोषिक मिळाले. १९६० च्या सप्टेंबरात, वयाच्या ५८ व्या वर्षी, नुकत्याच येऊन गेलेल्या दुखण्याची तमा न बाळगता हा कादंबरीकार अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील सॅग हार्बर ह्या गावाहून निघाला. आपण ज्या देशाविषयी लिहितो तो देश गेल्या पंचवीस वर्षांत आपण डोळ्यांनी पाहिलेला नाही, ही त्याची टोचणी होती. त्याने एक मालमोटार घेतली, तिच्या पाठीवर बिछाना, शेगडी, थंड कपाट अशी सोय असलेली एक खोलीच बसवून घेतली, आणि डॉन किहोतेच्या घोड्याचे नाव तिला दिले: रोसिनान्ते. सोबतीला चार्ली नावाचा वयस्कर फ्रेंच पूडल कुत्रा. ह्या फिरत्या घरातून मेनचा खडकाळ किनारा, मग पश्चिमेकडे सियाटलपर्यंत, तेथून पॅसिफिकच्या कडेने दक्षिणेला कॅलिफोर्निया, आणि टेक्सास व न्यू ऑर्लिन्स करून परत, असा सुमारे दहा हजार मैलांचा फेरा त्याने केला.

पुस्तकाची गोडी नाकारण्यात अर्थ नाही. ती मुख्यतः बारीकसारीक संसारात आहे. झाकणाच्या एका बादलीत मळके कपडे, पाणी आणि साबण घालून ती बादली तो लवचीक दोरीने खोलीत टांगून ठेवतो. दिवसभर गाडी जे हिंदकळे देते त्यातच कपडे धुऊन निघतात. बंदुका आणि मासे पकडण्याचे गळ तो बरोबर घेतो ते शिकारीच्या हौसेने नव्हे, शिकारीला निघालेल्या माणसाला "कुठे चाललात?" असे कोणी विचारीत नाही म्हणून. नायगाराजवळ कॅनडात शिरू पाहतो, तर चार्लीला टोचल्याचा दाखला नाही म्हणून अडतो. हे सारे इतके घरगुती आहे, की विस्तवाशेजारी बसून कोणी वडीलधारे माणूस सांगते आहे असे वाटावे.

आता पॅसिफिकच्या किनाऱ्याकडे वळू, कारण माझी तक्रार तेथे आहे. सियाटलहून दक्षिणेला निघाले की समुद्र सारा वेळ उजव्या हाताला राहतो. ओरेगनचे खडक, पाऊस, आणि पुढे धुक्यावर जगणारे रेडवुड वृक्ष. त्यांतले काही शंभर मीटरांहूनही उंच जातात. जगातल्या अत्यंत देखण्या किनाऱ्यांत ह्याची गणना होते, शिवाय लेखकाची जन्मभूमी ह्याच वाटेवर पुढे आहे. येथे स्टाइनबेकने कोणता प्रसंग खुलवावा? आपल्या कुत्र्याला तो सर्वांत प्रचंड वृक्षापुढे नेऊन उभा करतो. चार्लीला त्या वृक्षाचे काहीच वाटत नाही. शेवटी लेखक विलोची एक फांदी तोडून त्या बुंध्याशी रोवतो, तेव्हा कोठे चार्ली आपला श्वानधर्म पार पाडतो. प्रसंग हसवतो. पण हसू ओसरल्यावर ध्यानात येते, की हा माणूस कोणाला तरी "बघ, बघ!" म्हणायला आसुसलेला आहे, आणि त्याच्यापाशी ऐकायला कुत्र्यावाचून कोणी नाही.

खरे म्हणजे होते. बिल स्टायगरवॉल्ड ह्या अमेरिकन पत्रकाराने २०१० साली स्टाइनबेकच्या मार्गाने स्वतः गाडी हाकली, न्यूयॉर्कच्या मॉर्गन ग्रंथालयातले मूळ हस्तलिखित वाचले, आणि २०११ पासून आपले निष्कर्ष छापले. सियाटलला लेखकाची पत्नी इलेन विमानाने येऊन पोहोचली होती, आणि किनाऱ्याची ही सारी वाट दोघांनी बरोबर केली होती. पहिल्या खर्ड्यात ती आहे. छापील पुस्तकात त्या वाटेवर तिचे नावनिशाण नाही. स्टायगरवॉल्डच्या हिशेबाने प्रवासातले निम्म्याहून अधिक दिवस ती बरोबर होती, आणि कित्येक रात्री फिरत्या घरात नव्हे तर हॉटेलांतून गेल्या. नॉर्थ डाकोटात ॲलिस गावाजवळ एका फिरत्या नटाशी झालेली सुंदर भेट पुस्तकात आहे. पण त्याच सुमारास लेखकाने पत्नीला लिहिलेले पत्र तो राज्याच्या दुसऱ्या टोकाला, बीच गावात असल्याचे सांगते. पुस्तकाच्या सुवर्णमहोत्सवी आवृत्तीच्या प्रस्तावनेत, २०१२ साली, चरित्रकार जे परीनी ह्यांनीही हे पुस्तक अक्षरशः खरे मानू नये असा इशारा दिला.

ह्यावर एक ठरीव उत्तर मिळते: कादंबरीकारच तो, त्याने रचले तर बिघडले काय? हे उत्तर मला पुरेसे वाटत नाही. 'अमेरिकेच्या शोधात' असे उपशीर्षक लावून लेखकाने हे पुस्तक सत्यकथन म्हणून पुढे ठेवले, आणि वाचकांनी ते तसेच घेतले. शिवाय स्टाइनबेकला करार ठाऊक नव्हता असेही नाही. शिकागोला इलेन येऊन भेटली हे तो पुस्तकात उघड सांगतो, आणि त्या दिवसांनी लेखनाचा धागा तुटेल म्हणून ते गाळतो, असेही सांगून टाकतो. टेक्सासमध्ये तर ती सरळ पानांत येऊन वावरते. म्हणजे काय गाळले ते वाचकाला सांगण्याचा प्रामाणिक मार्ग त्याला माहीत होता; किनाऱ्यावर मात्र तो त्याने सोडला.

पण माझा आक्षेप केवळ नीतीचा असता तर तो वृत्तपत्रातच शोभला असता. समीक्षेचा प्रश्न निराळा आहे: ह्या लपवालपवीने पुस्तकाचे काय झाले? मला वाटते, किनाऱ्याचा भाग त्यामुळेच विरळ झाला. सारा समुद्र उजव्या हाताला असून पानांतून तो फारसा येत नाही. येतात त्या जुन्या आठवणी, फुटलेले टायर, आणि कुत्र्याशी संवाद. दोघांनी मिळून पाहिलेले दृश्य एकट्याच्या तोंडी घालणे सोपे नसते. "हे तुला आवडेल", "थांब, पुन्हा पाहू", असल्या शब्दांतूनच ते दृश्य मनात उतरलेले असते. ते शब्द काढून घेतले की दृश्यही त्यांच्याबरोबर जाते.

न्यू ऑर्लिन्सच्या प्रकरणाशी हे ताडून पाहावे. १९६० च्या नोव्हेंबरात तेथील गोऱ्या मुलांच्या शाळेत एका चिमुकल्या निग्रो मुलीने पाऊल टाकले होते, आणि रोज सकाळी रस्त्यावर जमून तिच्यावर शिव्यांचा भडिमार करणाऱ्या बायकांना लोक टाळ्या देत होते. इलेन मागे टेक्सासमध्ये राहिली होती. स्टाइनबेक गर्दीत एकटा उभा राहतो, पाहतो, आणि त्याला मळमळून येते. तेथे चार्लीच्या लीला नाहीत, लाडिक विनोद नाही. सबंध पुस्तकात इतके उघडे-वाघडे, इतके भेदक लिखाण दुसरे नाही. एकटेपणा तेथे खरा आहे, आणि खरा असल्यामुळे त्याला तो मिरवावा लागत नाही.

आपल्याकडे १९६० सालीच पु. ल. देशपांडे ह्यांचे 'अपूर्वाई' पुस्तकरूपाने आले. त्या प्रवासात सुनीताबाई बरोबर आहेत आणि पुस्तकातही आहेत. त्यामुळे लेखकाचा 'मी' लहान झाला असे कोणत्याही मराठी वाचकाला वाटलेले नाही. उलट शेजारी कोणी टोकणारे आहे म्हणून तो 'मी' अधिक माणसाळलेला वाटतो. मग स्टाइनबेकलाच पत्नी का अडचणीची व्हावी? एकट्याने, छातीठोकपणे, गाडी हाकत देश धुंडाळणारा पुरुष, ही प्रतिमा अमेरिकन मनाला फार प्रिय आहे. त्या प्रतिमेत बायकोला जागा नसते, कुत्र्याला असते. इलेन पूर्वी न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर व्यवस्थापिकेचे काम करीत असे. 'ओक्लाहोमा' ह्या गाजलेल्या संगीतिकेची रंगव्यवस्था तिने पाहिली होती. पडदा वेळेवर वर जावा म्हणून विंगेत उभे राहायचे आणि प्रेक्षकांना दिसायचे नाही, हा तिचा पेशाच होता. नवऱ्याच्या पुस्तकातही तिला तेच काम मिळाले. लेखक १९६८ साली वारल्यावर त्याचा पत्रसंग्रह १९७५ साली छापून निघाला. त्याच्या दोन संपादकांपैकी एक तीच होती. वाटेवरून तिला आलेली पत्रे त्यात आहेत, आणि पुढे पुस्तकाच्या तारखा तपासणाऱ्याच्या उपयोगी पडली ती असली पत्रेच.

मग हे पुस्तक वाचावे की नाही? अवश्य वाचावे. बादलीतले कपडे, चार्लीचा आजार, न्यू ऑर्लिन्सची ती भेसूर सकाळ, हे सारे दर्जेदार गद्य आहे आणि राहील. ती रोसिनान्तेही कॅलिफोर्नियात सालिनास गावी, लेखकाच्या जन्मस्थानी, संग्रहालयात जपून ठेवली आहे. पुढच्या भागात चालकाशेजारी बसायला जागा आहे. सियाटलच्या पुढची पाने वाचताना त्या जागेवर इलेनला आपणच बसवावे. मग रेडवुडच्या त्या अंधाऱ्या, ओल्या वनात लेखक दोन दिवस का रमला, आणि एवढा गंभीर झालेला माणूस एकाएकी कुत्र्याची थट्टा का आरंभतो, ते उलगडू लागते: शेजारी हसणारे कोणीतरी होते. एकट्याने जाण्यात शौर्य असेल. पण कोणाबरोबर गेलो होतो हे सांगण्याने कोणाचेच शौर्य कमी होत नाही, आणि लेखकाचे तर नाहीच नाही.