पेनड्राइव्हची रॅम होत नाही : रेडीबूस्टची एक चिकित्सा

आजचा विषय दिसायला छोटा आहे. जुना, रडतखडत चालणारा कॉम्प्युटर पेनड्राइव्ह लावून वेगवान करता येतो का? मराठीत याबद्दल जे सल्ले फिरतात त्यांचा मथळा बहुधा एकच असतो, "पेनड्राइव्हला बनवा रॅम". या मथळ्यात थोडं खरं आहे, पण तो फसवाही आहे. त्यातलं खरं किती आणि फसवं किती, ते आज आम्हाला वेगळं करून दाखवायचं आहे. टाकाऊ टीका करायची नाही, पण भाबडं कौतुकही करायचं नाही.

आधी यंत्र मंद का होतं ते पाहू. आपण ठाकुरवाडीत बसलोय, तेव्हा उदाहरण इथलंच घेऊ. कर्जत-खालापूरच्या डोंगरपट्ट्यात या नावाच्या एकाहून अधिक वाड्या आहेत, आणि बऱ्याच वाड्यांची एप्रिल-मेमधली गोष्ट सारखीच असते. पावसाळ्यात धो धो पाणी, उन्हाळ्यात विहीर लांब. घरात हंडा भरलेला असेल तर पेला बुडवला की पाणी मिळतं. हंडा रिकामा असेल तर खाली विहिरीवर जावं लागतं. कॉम्प्युटरमधला हंडा म्हणजे रॅम, आणि विहीर म्हणजे हार्ड डिस्क.

यातलं अंतर किती? रॅममधून एक तुकडा काढायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात. हार्ड डिस्कमध्ये खरोखरची तबकडी फिरते आणि तिच्यावर एक दांडा इकडून तिकडे सरकतो. मिनिटाला ५४०० फेऱ्या मारणाऱ्या तबकडीची एक फेरी ११ मिलिसेकंदांची, म्हणजे हवी ती जागा दांड्याखाली यायला सरासरी साडेपाच मिलिसेकंद. त्यात दांडा सरकायचा वेळ वेगळा. सगळं मिळून दहा-पंधरा मिलिसेकंद धरा. रॅमच्या तुलनेत ही लाखपट दिरंगाई झाली. रॅम कमी पडली की विंडोज तिच्यातल्या वस्तू डिस्कवर टाकत आणि परत आणत राहतं. म्हणून डिस्कचा दिवा सतत लुकलुकतो, माउसचा बाण अडकतो, आणि आपण म्हणतो, "हँग झाला."

मग कोणाच्याही डोक्यात येईल की उतारावर मध्येच एक टाकी बांधावी. वारंवार लागणारं पाणी तिथे आणून ठेवलं तर प्रत्येक वेळी विहिरीपर्यंत उतरायला नको. या मधल्या टाकीलाच कॅशे म्हणतात. कल्पना जुनी आहे. केंब्रिजच्या मॉरिस विल्क्स यांनी १९६५ साली मोठ्या, मंद मेमरीपुढे छोटी, जलद मेमरी ठेवायची मांडणी केली. १९६८ मध्ये जाहीर झालेल्या आयबीएमच्या सिस्टिम ३६० मॉडेल ८५ या यंत्रात कॅशे प्रत्यक्षात आली. आज प्रत्येक मोबाइलच्या चिपमध्ये ती असते.

पाण्याचं उदाहरण एका ठिकाणी तुटतं, तेही सांगून ठेवतो. टाकीत आणलेलं पाणी विहिरीतून कमी होतं. कॅशेमध्ये मात्र फक्त नक्कल येते, मूळ प्रत डिस्कवरच राहते. हा मुद्दा पुढे लागणार आहे.

आता रेडीबूस्टकडे येऊ. मायक्रोसॉफ्टने हे तंत्र विंडोज व्हिस्टाबरोबर आणलं. व्हिस्टा सर्वसामान्यांसाठी जानेवारी २००७ मध्ये आलं. युएसबी पेनड्राइव्ह लावायचा, त्यातली जागा नेमून द्यायची, आणि विंडोज ती मधली टाकी म्हणून वापरणार. व्हिस्टात ही जागा कमीत कमी २५६ एमबी आणि जास्तीत जास्त ४ जीबी असे. विंडोज ७ मध्ये एका ड्राइव्हवर ३२ जीबीपर्यंत आणि एकूण आठ ड्राइव्हपर्यंत मुभा मिळाली.

यामागची अभियांत्रिकी प्रामाणिक होती, हे आधी मान्य करायला हवं. पेनड्राइव्हमध्ये फिरणारं काही नाही, त्यामुळे विखुरलेले छोटे तुकडे तो तबकडीपेक्षा लवकर देतो. मोठी, सलग फाईल वाचताना मात्र डिस्कच पुढे असते, कारण युएसबी २.० ची वाट अरुंद. रेडीबूस्टला हे ठाऊक होतं. छोटे तुकडे पेनड्राइव्हकडून आणि लांबलचक वाचन डिस्ककडून, अशी वाटणी ते करत असे. ड्राइव्ह पुरेसा जलद नसेल तर विंडोज त्याला नाकारायचं. आणि प्रत्येक गोष्टीची मूळ प्रत डिस्कवर असल्यामुळे पेनड्राइव्ह मध्येच उपटला तरी फाईल हरवत नव्हती. साठवलेला मजकूर एन्क्रिप्ट केलेला असे, म्हणजे ड्राइव्ह चोरीला गेला तरी वाचता येऊ नये. एवढा विचार करून बांधलेली टाकी होती ती.

मग आमची तक्रार काय? तक्रारी चार आहेत.

पहिली, शब्दाची. "पेनड्राइव्हची रॅम होते" हे वाक्य चूक आहे. रॅममध्ये प्रोग्रॅम चालतो. पेनड्राइव्हवर फक्त डिस्कवरच्या मजकुराची नक्कल राहते. टाकी बांधली म्हणून हंडा मोठा होत नाही. दोन जीबी रॅम असलेल्या यंत्राला आठ जीबीचा पेनड्राइव्ह लावला तर ते दहा जीबीचं होत नाही, ते दोनच जीबीचं राहतं.

दुसरी तक्रार आकड्यांची. व्हिस्टाच्या सुरुवातीच्या काळात आनंदटेक या संकेतस्थळाने केलेली चाचणी बोलकी आहे. ५१२ एमबी रॅमच्या यंत्रावर एका कामाला ११.७ सेकंद लागत होते. रेडीबूस्ट लावल्यावर ते २ सेकंदांवर आलं. वा! इथवरचंच वाक्य सगळे सांगतात. पुढचं वाक्य असं की पेनड्राइव्ह न लावता नुसती रॅम १ जीबी केली, तेव्हा तेच काम ०.८ सेकंदात झालं. दोन्ही वाक्यं एकत्र वाचली तरच अर्थ लागतो. इलाज खरा आहे, पण दुय्यम आहे.

तिसरी तक्रार सीमेची. कर्जत स्टेशनवर पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना मागून बँकर इंजिनं लागतात, हे इथे सगळ्यांनी पाहिलंय. पुढे बोरघाटात ३७ फुटाला एक फूट असा चढ आहे, म्हणून ती हवीत. सपाटीवर बँकर लावून गाडी मुंबईला लवकर पोहोचत नाही. रेडीबूस्टही घाटातलंच इंजिन आहे. घाट म्हणजे कमी रॅम आणि फिरती हार्ड डिस्क, दोन्ही एकत्र. रॅम चार-आठ जीबी असेल तर फरक जाणवणं कठीण. यंत्रात एसएसडी असेल तर पेनड्राइव्हच मंद ठरतो, आणि विंडोज ७ पासून अशा यंत्रावर विंडोज स्वतःच सांगतं की याची गरज नाही. विंडोज ११ च्या अलीकडच्या आवृत्त्यांतून तर ही सोयच गेली. तरी सल्ले मात्र फिरत राहिले.

चौथी तक्रार आपल्याकडची आहे, आणि ती सहसा कोणी मांडत नाही. व्हिस्टातल्या रेडीबूस्टमध्ये एन्क्रिप्शनची किल्ली प्रत्येक वेळी यंत्र सुरू होताना नव्याने बनायची. म्हणजे यंत्र बंद झालं की साठवलेली टाकी निकामी, पुन्हा पहिल्यापासून भरायची. ज्या शहरात यंत्र दिवसभर चालू असतं तिथे हे खपून जातं. जिथे पावसात वीज दिवसातून चार वेळा जाते आणि यूपीएसची बॅटरी कधीच मेलेली असते, तिथे टाकी भरेपर्यंत पुन्हा अंधार. हे तंत्र ज्या गरीब यंत्रासाठी होतं, त्या यंत्राच्या परिस्थितीत ते सगळ्यात कमी चालतं.

आणखी एक गैरसमज जाता जाता. टास्क मॅनेजरमध्ये रॅम भरलेली दिसली की लोक "मेमरी क्लीनर" नावाचे प्रोग्रॅम टाकतात. विंडोज मोकळ्या रॅममध्ये नेहमी लागणाऱ्या फायली आधीच आणून ठेवतं. व्हिस्टापासून त्याला सुपरफेच म्हणत, आता सिसमेन म्हणतात. गरज पडली की ती जागा क्षणात सोडली जाते. म्हणजे भरलेला हंडा ओतून द्यायचा आणि "बघा, हंडा किती मोकळा झाला" म्हणून खूश व्हायचं, असा हा प्रकार. खरी सर्वांत जलद कॅशे रॅममध्येच असते, आणि ती फुकट मिळते.

हे सगळं कशासाठी सांगायचं? कारण वाड्या-वस्त्यांवरच्या शाळांत आणि अभ्यासिकांत येणारी यंत्रं बहुतेक कुठल्यातरी ऑफिसातून उतरवलेली, दान आलेली असतात. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबवला. विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि तुलनेनं नवा प्रोसेसर लागतो. म्हणजे अशी यंत्रं आता आणखी उतरणार, आणि इकडे येणार. पोरांच्या हाती पहिल्यांदा येणारा कॉम्प्युटर तोच असेल. एक फाईल उघडायला पाच मिनिटं लागली तर मूल काय शिकतं? "आपल्याला हे जमत नाही" असं शिकतं. दोष तबकडीचा असतो, आणि मूल तो स्वतःकडे घेतं. म्हणून हाती असलेले थोडे पैसे कुठे घालायचे हा प्रश्न आम्हाला तांत्रिकपेक्षा मोठा वाटतो.

आमचं मत क्रमाने सांगतो. आधी निदान करा. कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकत्र दाबा. डिस्क सतत शंभर टक्के आणि मेमरीही काठोकाठ असेल, तर आपण घाटात आहोत. मेमरी निम्मी रिकामी आणि प्रोसेसर शंभर टक्के असेल, तर पेनड्राइव्ह, रॅम, काहीच घेऊ नका. सुरुवातीलाच आपोआप उघडणारे नको ते प्रोग्रॅम बंद करा, व्हायरस तपासा.

घाटात असाल तर पहिला खर्च एसएसडीचा. साधी साटा एसएसडीसुद्धा तुकडा सुमारे ०.१ मिलिसेकंदात देते, म्हणजे विहीरच दाराशी येते. दुसरा खर्च रॅमचा, पण आधी मदरबोर्डला कुठली चालते ते पाहून. डीडीआर३ च्या जागी डीडीआर४ बसत नाही, आणि ३२-बिट विंडोज ४ जीबीच्या पुढे रॅम वापरत नाही. लॅमिंग्टन रोडला जायचं तर जुनी रॅम काढून बरोबर न्या, दुकानदार जोडी लावून देईल. पैसेच नसतील तर हलकं लिनक्स टाकून पाहा. त्यात झेडरॅम नावाची सोय आहे. रॅममधल्याच वस्तू दाबून, घडी घालून ठेवायच्या, म्हणजे त्याच हंड्यात जास्त मावतं. पेनड्राइव्ह लागत नाही.

आणि रेडीबूस्ट? जुनं विंडोज, एक-दोन जीबी रॅम, फिरती डिस्क, आणि पेनड्राइव्ह आधीपासून घरात पडून असेल, तर जरूर लावून बघा. नुकसान नाही. मात्र त्यासाठी नवा पेनड्राइव्ह विकत घेऊ नका. ते पैसे एसएसडीच्या डब्यात टाका.

मधली टाकी वाईट नसते, मंडळी. पण टाकी दाखवून विहिरीचा प्रश्न सुटला असं कोणी सांगत असेल तर त्याला विचारावं, पाणी किती, कोणाला, आणि वीज गेल्यावर काय? आता तुमचे प्रश्न घेऊ.