आईचा दोष कीं जनुकाचा?

रॉबर्ट कोल्कर यांचा ‘हिडन व्हॅली रोड’ (२०२०) हा ग्रंथ अमेरिकेंतील गॅल्विन कुटुंबाची कहाणी सांगतो. बारा अपत्यांपैकीं सहा पुत्रांना स्किझोफ्रेनियानें ग्रासलें, आणि तत्कालीन मानसोपचारकांनीं दोष मातेच्या माथीं मारला. हा अन्याय लेखकानें प्रत्ययकारी रीतीनें दाखविला आहे.

जनुकांचा शोध मात्र रहस्यकथेसारखा रंगतो, आणि वाचक एकच अपराधी शोधूं लागतो. २०२२ सालीं प्रसिद्ध झालेलें संशोधन निराळें सांगतें. मज्जापेशींच्या पटलांत विद्युद्भारित कणांना आंतबाहेर सोडणारीं सूक्ष्म द्वारें असतात. त्यांवर पेशींचें परस्पर संभाषण अवलंबून असतें. अशा एका द्वाराचा भाग घडविणाऱ्या ‘ग्रिन-२-ए’ या जनुकांतील गंभीर बिघाड रोगाचा धोका पुष्कळ वाढवितो. पण तो फारच थोड्या रोग्यांत आढळतो. कॅल्शियमच्या द्वाराचें जनुक ‘कॅकना-१-सी’. त्यांतील सामान्य फरक निरोगी माणसांतही सर्रास असतात, व त्यांची भर अत्यल्प असते. सामान्य फरकांचीं अशीं २८७ स्थानें त्याच सालीं नोंदलीं गेलीं.

तेव्हां जनुक हा ललाटलेख नव्हे. मातेला सोडून कुळाच्या रक्ताला दोषी धरलें, तर आरोपी बदलेल. अन्याय तोच राहील.