टिळकांचा दरबार आणि लक्ष्मीबाईंची साक्ष



वाचकहो, गेल्या माघी वारीत एका तरुण टाळकऱ्याने मला विचारले, "महाराज, देवस्थानांतले तंटे आणि कोर्टकज्जे ऐकले की गळ्यातली माळ काढून ठेवावीशी वाटते. काय करू?" मी त्याला चोखोबांचा दाखला दिला. महाद्वाराबाहेर राहूनही त्यांचा भाव आटला नाही. ते दार उघडायला 1947 साली साने गुरुजींना प्राण पणाला लावावे लागले, हेही सांगितले. पोराने मान डोलावली, पण त्याचे समाधान झाले नाही. घरी आल्यावर विचार केला, तेव्हा माझेही झाले नाही. चोखोबांना आत कोणी घेतलेच नव्हते. जो आत राहिला, तिथले मीठ ज्याने खाल्ले आणि मग ज्याचे मन विटले, त्याने काय करावे, हा प्रश्न निराळा आहे.

त्याचे उत्तर मला लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे' या ग्रंथात मिळाले. 1934 पासून भागाभागाने निघालेला हा ग्रंथ ख्रिस्ती बाईने लिहिलेला म्हणून आपल्यापैकी अनेकांनी बाजूला ठेवला असेल. मीही पुष्कळ वर्षे ठेवला होता.

त्यांचे यजमान नारायण वामन टिळक हे कोकणातले ब्राह्मण. जन्म 1861, बाप्तिस्मा 1895. नगरच्या अमेरिकन मिशनात त्यांनी वीस वर्षांहून अधिक काळ सेवा केली, 'ज्ञानोदया'चे मराठी संपादन केले. परदेशी चालींवरची भाषांतरित गीते म्हणणाऱ्या मंडळींच्या हाती त्यांनी अभंग आणि पदे दिली. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताच्या पायांशी आलो, असे ते सांगत. हे आपल्याला रुचो न रुचो, तुकोबांचे इतके ऋण उघडपणे मानणारा माणूस परका कसा म्हणावा?

1917 साली या गृहस्थांनी मिशनचा पगार सोडला. ख्रिस्त सोडला नाही. परक्यांच्या पैशावर आणि परक्यांच्या हुकमतीखाली इथला ख्रिस्ती माणूस स्वतःच्या पायावर उभा राहणार नाही, असे त्यांच्या मनाने घेतले होते. संन्यास घेऊन त्यांनी साताऱ्यास 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथे जागा होती. संस्थेत दोष दिसला म्हणून देवाला रजा द्यायची नाही, हा त्यांचा निश्चय मला वंदनीय वाटतो.

मात्र टिळकांना एक प्रश्न विचारल्यावाचून राहवत नाही. एका संस्थेला कंटाळून दुसरी मांडली, तर तिला कीड लागणार नाही याची हमी कोणी द्यावी? दोन वर्षे होतात न होतात तोच, मे 1919 मध्ये टिळक गेले. दरबार त्यांच्या मागे फार काळ टिकला नाही. त्यांची पदे मात्र मराठी चर्चमध्ये अजून म्हटली जातात. अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनी पुढे नेऊन पुरे केले. मांडव मोडला, गाणे राहिले. आपल्याकडेही गाथेचे तसेच झाले. ती राखली कोणत्या संस्थानाने? लोकांच्या कंठानेच ना!

आता लक्ष्मीबाईंकडे येऊ. नवऱ्याने धर्म बदलला तेव्हा त्या त्याच्यामागे गेल्या नाहीत. रडल्या, भांडल्या, मुलाला घेऊन वेगळ्या राहिल्या. वडिलांच्या कडक सोवळ्यात वाढलेली ही बाई. माणसामाणसांतला विटाळ देवाने केलेला नाही, हे तिला आधी उमगले आणि तिने कोणाच्याही हातचे पाणी प्यायला सुरुवात केली. बाप्तिस्मा त्यानंतर झाला. हा क्रम वाचकांनी नीट पाहावा. पाद्र्याच्या व्याख्यानाने किंवा नवऱ्याच्या धाकाने ती बदलली नाही. आपल्या मनाशी झगडून जे मिळवले, ते मिशन राहो की जावो, तिच्यापासून हिरावणार कोण?

ग्रंथात उणेही आहे. बाईंच्या अंतरात प्रार्थना कशी चाले, हे त्या फारसे सांगत नाहीत. आपल्याकडच्या निरूपणाची सवय असलेला वाचक सिद्धान्त शोधायला गेला तर रिकाम्या हाती परतेल. घरातली तंगी, आलेगेले, नवऱ्याचा तापट आणि उधळा स्वभाव, स्वतःची फजिती, हेच पानोपानी. पहिल्या वाचनात मला हा दोष वाटला. आता वाटत नाही. पगार सोडणाऱ्याचा त्याग जगाला दिसतो. त्या त्यागानंतर चूल पेटती ठेवणारीची श्रद्धा दिसायला असाच ग्रंथ लागतो. ती श्रद्धेविषयी बोलत नाही, कारण तिला त्या वेळी पाहुण्यांसाठी तांदूळ पाहायचे असतात.

हे लिहिताना स्वतःला वगळू कसा? कीर्तनकाराने कीर्तनाचे द्रव्य घेऊ नये, ही तुकोबांनी घातलेली शिस्त मी चाळीस वर्षे सांगितली आणि रात्री बिदागीचे पाकीट खिशात घालून एसटीने घरी आलो. एका संस्थानात सप्ताहाच्या हिशेबात खोट दिसली, तेव्हाही पुढच्या वर्षाचे आमंत्रण जाईल या भीतीने गप्प बसलो. टिळकांनी जे सोडले ते मला सोडवले नाही. घरी ते पाकीट उघडून वाण्याची उधारी भागवणारी जी होती, तिने मला कधी बोल लावला नाही. आणि तिच्या हरिपाठात मी एक दिवसाचा खंड पाहिला नाही. कोणत्या महाराजांचे कोणाशी बिनसले, याची तिला खबरही नसे. मी फडात वावरलो, पण परमार्थ तिने केला. 'स्मृतिचित्रे' वाचताना हे मला उतारवयात कळले.

संस्था नकोत असे मी म्हणत नाही. दिंडी नसती तर माझ्यासारखा आळशी मनुष्य पंढरीस कधी चालत गेला नसता. संस्थेचा हिशेब चोख मागावा, खोट दिसली तर तोंडावर सांगावी. मी ते केले नाही, तुम्ही करा. पण तिच्या पडझडीने आपला नेम मोडत असेल, तर तो नेम आपण तिच्या भरवशावर ठेवला होता, एवढेच त्यातून कळते.

पुढल्या वारीत तो टाळकरी भेटला तर त्याला हेच सांगेन, "बाळा, माळ काढू नकोस. दानपेटीचा हिशेब मागायला जा, आणि जाताना ती गळ्यात असू दे." हे पुस्तकही त्याच्या पिशवीत घालीन.