जॅगरचा शिपाई, जॅगरचे वाघ

तुलनात्मक अभ्यास करायचा म्हटलं की आपल्याला आधी दोन चित्रं शेजारी ठेवावीशी वाटतात. आज अशीच एक जोडी बघू. ती फसवी आहे, म्हणूनच शिकण्यासारखी आहे.

इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावर, डी नदीच्या मुखाशी वेस्ट कर्बी हे छोटं गाव आहे. शेजारच्या हॉयलेकसोबत मिळून त्यांनी पहिल्या महायुद्धातल्या आपल्या मृतांसाठी ग्रेंज टेकडीवर ग्रॅनाइटचा स्तंभ उभारला. स्तंभाच्या दोन बाजूंना चार्ल्स सार्जंट जॅगरची ब्रॉंझची शिल्पं आहेत. एका बाजूला बाळ घेतलेली, तुटलेल्या बेड्या धरलेली स्त्री, म्हणजे 'मानवता'. दुसऱ्या बाजूला पाय फाकवून ठाम उभा असलेला, संगीन लावलेला शिपाई. त्याच्या पायाशी जर्मन शिरस्त्राण पडलंय. जॅगर स्वतः गॅलिपोलीत लढला, जखमी झाला, त्याला मिलिटरी क्रॉस मिळाला. ते या शिल्पात दिसतं. हा शिपाई देवदूतासारखा वर बघत नाही, जागा धरून उभा राहतो. मला स्त्रीची आकृती त्यामानाने कमकुवत वाटते. ती काय सुचवते हे वाचून कळतं, शिपायाचं वजन मात्र बघताक्षणी जाणवतं.

१६ डिसेंबर १९२२ ला लॉर्ड बर्कनहेडने याचं अनावरण केलं. हे नाव लक्षात ठेवा. ७ ऑक्टोबर १९२७ ला फ्रान्समध्ये न्यूव्ह शापेलच्या भारतीय स्मारकाचं अनावरणही त्यानेच केलं, तेव्हा तो भारतमंत्री होता. तिथली शिल्पं जॅगरची नाहीत, चार्ल्स व्हीलरची आहेत; तिथे शिपाई नाही, वाघ आहेत. सुएझ कालव्याच्या दक्षिण टोकाला पोर्ट तौफिकच्या भारतीय स्मारकावरही (१९२६) वाघच होते, ते मात्र जॅगरचे.

आता लगेच वाक्य सुचतं: 'गोऱ्याला माणूस मिळाला, भारतीयाला जनावर.' सेमिनारमध्ये यावर टाळ्या पडतील. पण थांबा.

वेस्ट कर्बीचं स्मारक गावाने आपल्या माणसांसाठी केलंय. बाकीची दोन साम्राज्याच्या युद्धसमाधी आयोगाची, बेपत्ता सैनिकांसाठीची. जात वेगळी, म्हणून तुलना आयोगाच्याच दुसऱ्या स्मारकाशी हवी. ईप्रचं मेनिन गेट घ्या. त्याच्या माथ्यावर सिंह आहे. म्हणजे आयोगाच्या कामात ब्रिटिशांच्या वाट्यालाही प्राणी आलेलाच आहे. नुसत्या वाघावरून काही सिद्ध होत नाही.

मग भेदभाव नव्हता का? होता. तो शिल्पात शोधू नका, नावांत शोधा. न्यूव्ह शापेलला ४,७०० हून अधिक भारतीयांची नावं कोरली आहेत, साध्या शिपायांचीसुद्धा. बसऱ्याच्या स्मारकावर (१९२९) भारतीय अधिकाऱ्यांची नावं आली, साधे भारतीय शिपाई मात्र पलटणीपुढचा आकडा झाले. सैन्य तेच, आयोग तोच. मेले कुठे, एवढ्याने फरक पडला. २०२१ साली याच आयोगाच्या समितीने कबूल केलं की अंदाजे ४५,००० ते ५४,००० मृतांचं स्मरण असमान पद्धतीने झालं, आणि त्यात भारतीय नि आफ्रिकी मोठ्या संख्येने होते.

कोकणात, साताऱ्याकडे काही गावांत संगमरवरी पाट्या सापडतात: इथून महायुद्धाला इतके गेले, त्यातले इतके मेले. पुन्हा आकडाच. वेस्ट कर्बीच्या आईला टेकडी चढून मुलाचं नाव वाचता येत होतं. इथल्या आईला फक्त बेरीज मिळाली, आणि त्या बेरजेतला एक आपला.

पोर्ट तौफिकचं स्मारक १९६७ ते १९७३ च्या इजिप्त-इस्रायल संघर्षात इतकं खराब झालं की शेवटी पाडावं लागलं. वाघ गेले. तरी १९८० मध्ये कैरोच्या हेलिओपोलिस दफनभूमीत ती जवळपास ४,००० नावं पुन्हा लावता आली, कारण ती नोंदलेली होती. शिल्पाशिवाय स्मारक उभं राहू शकतं. नावाची नोंदच नसेल तर पुन्हा कोरणार काय?

म्हणून तुमच्या प्रस्तावात दोन फोटो शेजारी लावण्याआधी स्वतःला विचारा: या दोन गोष्टी एकाच जातीच्या आहेत का? आणि मला जो फरक दाखवायचाय, तो डोळ्यांना दिसतोय त्याच जागी आहे का?