अर्ध्या पैशाचं भांडण

मी बँकेत कारकून आहे, आणि वर सोसायटीचा खजिनदार. म्हणजे दिवसा परक्यांचे पैसे मोजतो आणि रात्री शेजाऱ्यांचे. शेजाऱ्यांचे मोजणं जास्त अवघड, कारण ते जिन्यात भेटतात.

थकबाकीच्या व्याजासाठी भाच्याने पायथॉन भाषेत प्रोग्रॅम लिहून दिला. तळमजल्यावरच्या निवृत्त हेडमास्तरांकडे 107 रुपये थकले होते. अडीच टक्क्यांनी व्याज 2.675. पायथॉनने पावती फाडली 2 रुपये 67 पैशांची. मास्तरांनी एक्सेलवर ताडून पाहिलं, तर 2.68. पैसा कमी लागला म्हणून दुसरा कोणी गप्प बसला असता. मास्तर जिने चढून वर आले.

‘‘मामा, यंत्र द्विमान पद्धतीत मोजतं,’’ भाचा म्हणाला. आपल्याकडे एक-तृतीयांश लिहिताना जसे तीनावर तीन संपत नाहीत, तसा यंत्राकडे एक-दशांश संपत नाही. म्हणून 2.675 हे आत 2.67499999... असं बसतं. पायथॉन ते प्रामाणिकपणे खाली ओढतो.

इथवर मला पटलं. पण गंमत अशी, की एक्सेलच्या आतही आकडा तोच! 1985 च्या आयईईई 754 या प्रमाणाची रीत दोघांचीही. भांडण आकड्याचं नाहीच, तो वाटोळा करण्याच्या शिस्तीचं आहे. साधे 2.5 घ्या. पायथॉन म्हणतो 2, एक्सेल म्हणतो 3, आणि एक्सेलच्याच पोटातली व्हीबीए भाषा म्हणते 2! अर्धा आला की सम अंकाकडे जायचं, म्हणजे सगळे अर्धे एकाच बाजूला साचत नाहीत. विचार चांगला आहे. पण या रीतीचं नाव ‘बँकर्स राउंडिंग’! वीस वर्षं बँकेत आहे, अजून ओळख झालेली नाही.

‘‘इतका फरक शून्यच समजतात, मामा.’’ हे वाक्य मी आमच्या अकाउंटंटसाहेबांना ऐकवणार आहे. निवृत्तीच्या दिवशी.

माझी तक्रार भाषांवर नाही. एका भाषेतला हिशेब दुसरीत नेताना अर्ध्याचं काय करायचं, हे कुणी लिहूनच ठेवत नाही. आता प्रोग्रॅम सगळं पूर्ण पैशांत मोजतो आणि ‘अर्धा पैसा वर’ ही ओळ नोटीसबोर्डावर आहे.

मास्तर राहिलेला पैसा भरायला आले. पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी 2011 सालीच बंद झाली, असं सांगितलं. म्हणाले, ‘‘मग पुढच्या पावतीत ओढा, खजिनदार.’’